रील्स बघून इंग्लिश शब्द खरंच डोक्यात राहतात का? की नुसता टाइमपास? (इंदूर)

सुदामानगरवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, लोक हसतील म्हणून राहिलं. पण इथे सगळे आपलेच म्हणून विचारून टाकते.

मी एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. वय चाळिशीच्या आसपास, शिक्षण सगळं हिंदी मीडियम, घरी मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे इंग्लिशचा संबंध टॅलीच्या मेन्यूपुरता. आता झालंय असं की नव्या पार्ट्या बेंगळुरू आणि चेन्नईकडच्या आल्यात, त्यांना हिंदी जमत नाही आणि आम्हाला दुसरं काही जमत नाही, मग दर आठवड्याला व्हिडिओ कॉल आणि रोज मेल. भंवरकुवाला क्लास लावायचा विचार केला होता पण तिथे सगळी पीएससीची पोरं, टायमिंगही माझ्या कामाचं नाही. म्हणून इन्स्टावर इंग्लिश शिकवणारी पेजेस फॉलो केली. ‘व्हेरी टायर्ड म्हणू नका, एक्झॉस्टेड म्हणा’, ‘हॅपीसाठी दहा शब्द’, ‘आजचा शब्द’ अशी. सेव्ह केलेल्या रील्सचा ढीग झालाय.

आता गंमत बघा, रील बघताना सगळं येतंय असं वाटतं. हा शब्द माहितेय, तोही माहितेय. पण कॉलवर बसलं की तोंडातून एकच शब्द निघतो, ‘इश्यू’. गाडी बिजासन घाटात अडकली, सर देअर इज इश्यू. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठी पोर्टलवर काढायच्या कागदाची) मुदत संपली, सर देअर इज इश्यू. ड्रायव्हर फोन उचलत नाही, सर ड्रायव्हर इश्यू. परवा समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, मॅडम व्हिच इश्यू टुडे? वाईट नाही वाटलं, पण लाज वाटली जरा.

तर प्रश्न असा की सोशल मीडियावरून या वयात शब्दसंपत्ती वाढते का हो कोणाची? की मी उगाच डोळे फोडून घेतेय? कोणाला अनुभव असेल तर सांगा, ‘इंग्लिश पेपर वाचा’ एवढंच सांगू नका प्लीज, ते सगळेच सांगतात.

भिया_बायपासवाला
ताई एकदम सोडू नका रील्स. मी पण हिंदी मीडियमवालाच आणि मला तरी फायदा झालाय. शब्द किती आले ते सोडा, पण कान बसला. आधी कोणी फास्ट बोललं की सगळं एकच वाक्य वाटायचं, आता कुठे शब्द तुटतो ते कळतं. आणि उच्चार! आपण आयुष्यभर ‘कंफरटेबल’ म्हणत आलो, ते लोक ‘कम्फ्टबल’ म्हणतात, हे पुस्तकात कुठून कळणार होतं.

एक करा, रीलपेक्षा यूट्यूबवर जरा लांब व्हिडिओ बघा, स्पीड ०.७५ करा आणि खाली इंग्लिश सबटायटल लावा. हिंदी सबटायटल नाही हां, नाहीतर आपण हिंदीच वाचत बसतो आणि इंग्लिश कानावरून निघून जातं. आणि बाकी भिया टाइमपास तर टाइमपास, नाहीतरी रात्री फोन बघणारच आहोत ना.

निवृत्त_मास्तर
ताई, मी सरकारी शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलंय, आता लोकमान्यनगरात घरी बसून नातीला शिकवतो. तुमचा प्रश्न नीट वाचला आणि त्यात उत्तर अर्धं तुम्हीच दिलंय. बघताना येतो पण बोलताना येत नाही. शब्द ओळखणं आणि शब्द वेळेवर आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रील फक्त पहिलं काम करून घेतं. तुमच्याकडून काही काढून घेतच नाही ते, तुम्ही नुसतं बघायचं, मान हलवायची आणि अंगठा वर सरकवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे ही पेजेसवाली मंडळी शब्द कुठले निवडतात ते बघा. जो शब्द नवलाचा वाटेल तो. ‘पेट्रिकोर’ म्हणजे पहिल्या पावसाचा वास. छान आहे, लाइक्स मिळतात, पण तुमच्या ट्रकवाल्या कॉलवर तो कधी लागणार? इंग्रजीत शब्द अफाट आहेत पण कामाचे शब्द त्यामानाने थोडे. लिहिलेल्या मजकुरातला साधारण ८० टक्के भाग पहिल्या हजारेक शब्दांत आणि त्यांच्या रूपांत निघतो. हे काही आज कळलेलं नाही. मायकेल वेस्ट नावाचे गृहस्थ होते, इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिक्षक तयार करायचे, बंगालमधल्या मुलांना वाचता का येत नाही या विचारातून ते शब्दांच्या निवडीकडे वळले, आणि पुढे १९५३ मध्ये त्यांनी साधारण दोन हजार शब्दांची यादी छापली. म्हणजे ही सगळी विद्या आपल्याच इकडच्या वर्गांतून निघालेली आहे, असं मी कॉलर ताठ करून सांगत असतो. आज ऑक्सफर्डच्या साइटवर ‘ऑक्सफर्ड ३०००’ नावाची यादी फुकट आहे, कुठला शब्द कुठल्या पातळीचा तेही दिलंय. एकदा चाळा, बरेच शब्द तुम्हाला येत असतील, जे येत नाहीत त्यांच्यावर खूण करा.

मात्र घाबरवत नाही, खरं तेच सांगतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता की बोललेलं इंग्रजी विनाअडथळा समजायला सहा ते सात हजार शब्दकुटुंबं लागतात, पुस्तकं-पेपर वाचायला आठ ते नऊ हजार. कुटुंब म्हणजे डिले, डिलेड, डिलेज हे सगळं मिळून एक. तेवढं तुम्हाला आत्ता लागत नाही, पण त्यामुळे ‘तीस दिवसांत इंग्लिश’वाल्यांना किती भाव द्यायचा ते कळेल.

आणि ते ‘हॅपीसाठी दहा शब्द’ प्रकरण बंद करा, हे मी जोर देऊन सांगतो. सारख्या अर्थाचे शब्द एकदम शिकले की ते एकमेकांत मिसळतात. १९९० च्या दशकात यावर प्रयोग झालेत, अर्थाने जवळच्या शब्दांचा गट पाठ करायला दिला तर वेगवेगळ्या अर्थांच्या गटापेक्षा जास्त वेळ लागला. माझ्या वर्गातही ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकाच तासाला शिकवले की पोरं जन्मभर उलटसुलट करायची. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा, असं केलं की चुका कमी.

बाकी विसरण्याचं म्हणाल तर ते सगळ्यांचंच होतं, वयाला दोष देऊ नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की सगळ्यात जास्त विसरणं सुरुवातीच्या काही तासांतच होतं, मग वेग मंदावतो. म्हणून आज पाहिलेला शब्द आजच रात्री, मग उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी असा परत भेटला पाहिजे, आणि दर वेळी उत्तर झाकून आधी स्वतः आठवून बघायचं. सेव्ह करून ठेवलेलं रील परत कोण उघडतो हो? अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ नावाचं अ‍ॅप फुकट आहे, ते बरोबर त्या-त्या दिवशी शब्द पुढे आणतं. अ‍ॅप नको असेल तर लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून कार्डं करा, मी तेच करायचो.

लष्करची_माहेरवाशीण
मास्तरकाका, तुमचं सगळं पटलं पण कार्डांचं नाही पटलं, स्पष्ट बोलते, राग मानू नका. मी ग्वाल्हेरहून. ते अँकी मी लावलं होतं, थोडे दिवस केलं, मग रोज सकाळी ते ‘एवढी कार्डं बाकी’ दाखवायला लागलं आणि मला परीक्षेचं टेन्शन यायला लागलं, काढून टाकलं.

माझं इंग्लिश सुधरलं ते मिरचीमुळे. हसू नका, खरंच. गच्चीत कुंड्या आहेत माझ्या, मिरचीची पानं सारखी आकसून यायची. यूट्यूबवर हिंदीत पाहिलं, प्रत्येकाचं वेगळं. मग फेसबुकवर एक गच्चीवरच्या बागेचा ग्रुप सापडला, सगळे इंग्लिशमध्ये, बेंगळुरू, पुणे, केरळ, बाहेरदेशचे पण. फोटो टाकून विचारलं, ‘माय चिली प्लांट लीफ प्रॉब्लेम, व्हॉट टू डू’. कोणी नाही हसलं. उलट दहा प्रश्न आले, पानं वर वळतायत का खाली, ‘कर्लिंग अपवर्ड ऑर डाउनवर्ड?’, पानाच्या खाली बारीक किडे आहेत का, पाणी किती घालतेस, ‘इज द सॉइल ड्रेनिंग वेल?’. आता उत्तर तर द्यायचं होतं ना, झाड मरत होतं! मग त्यांच्याच प्रश्नातले शब्द उचलून उत्तर दिलं, ‘कर्लिंग अपवर्ड, टायनी इन्सेक्ट्स अंडरसाइड, ड्रेनिंग वेल’. थ्रिप्स निघाले. कडुनिंबाचं तेल फवारा म्हणाले.

मुद्दा असा की त्या ग्रुपमध्ये फिरून फिरून तेच शब्द येतात. सीडलिंग, प्रून, मल्च, ड्रेनेज, रीपॉट. एकाने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं, मग मी लिहिलं. कोणी पाठ करायला सांगितले नाहीत. नंतर नंतर मी दुसऱ्यांना सांगायला लागले की तुमचं झाड का सुकतंय, तेव्हा तर लिहिण्याआधी दोनदा वाचायचे, कारण चुकीचं सांगितलं तर बिचाऱ्याचं झाड जायचं.

तर ताई, इंग्लिश शिकवणारी पेजेस बघूच नका मी म्हणते. जिथे लोक इंग्लिशमध्ये दुसरंच काहीतरी करतायत तिथे जाऊन बसा. स्वयंपाक, क्रोशे, क्रिकेट, काय आवडतं ते. त्या विषयाचं आपल्याला आधीच कळतं, म्हणून अर्थ अंदाजानेच लागतो.

निवृत्त_मास्तर
राग कशाचा, तुम्ही जे केलंत त्यात माझंच म्हणणं आहे की! एक शब्द आठ-दहा वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटला की तो आपला होतो असं साधारण धरतात, तुम्हाला तो मिरचीच्या ग्रुपमध्ये भेटला, मी कार्डांवर भेटवतो. फरक एवढाच की ग्रुपमध्ये कुठला शब्द कधी परत येईल ते आपल्या हातात नसतं. थ्रिप्स परत परत येतील पण ‘रीइम्बर्समेंट’ येणार नाही.

दांडियाबझार_बडोदा
मी बडोद्याचा पण मावशी इंदूरला रामबागेत म्हणून इथे डोकावत असतो. दोघांचंही बरोबर आहे पण एक धोका कोणी सांगितला नाही. सोशल मीडियावरचं इंग्लिश सगळीकडे चालत नाही. आमच्या ऑफिसात एका नव्या मुलाने क्लायंटला मेलमध्ये लिहिलं, ‘ब्रो वी आर गोना शिप इट बाय मंडे नो कॅप’ (‘नो कॅप’ म्हणजे ‘खरंच सांगतो’). शब्द सगळे आजचे, व्याकरणही ठीक, पण साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. शिकताना हा शब्द कोणाशी, कुठे बोलतात तेही बघावं लागतं. कमेंटमधलं इंग्लिश वेगळं, मेलमधलं वेगळं, आणि आपल्याकडे तर तिसरंच, ते ‘काइंडली डू द नीडफुल’ अजून चालू आहे, बाहेरच्या लोकांना ते शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं.

ताई तुमच्या लाइनचं म्हणाल तर लिंक्डइनवर ट्रान्सपोर्ट आणि लॉजिस्टिक्सवाले रोज काही ना काही लिहीत असतात, बरंच फुशारकीचं असतं, ते सोडा, पण शब्द नेमके तुमच्या कामाचे. कन्साइनमेंट, डिटेन्शन, अनलोडिंग, ट्रान्झिट. आणि सगळ्यात सोपी शाळा तुमच्या फोनमध्येच आहे, कुरियरचे मेसेज! ‘युवर शिपमेंट इज इन ट्रान्झिट’, ‘डिलिव्हरी अटेम्प्टेड, कस्टमर नॉट अव्हेलेबल’, ‘रीशेड्यूल्ड’. आपण वाचतो आणि डिलीट करतो. ते नुसते वहीत उतरवले तरी अर्धा कॉल निभावेल.

अजून एक, ‘यूग्लिश’ म्हणून साइट आहे. शब्द टाकला की यूट्यूबवर जिथे जिथे कोणी तो बोललाय ते तुकडे लागोपाठ दाखवते. ‘हेल्ड अप’ (म्हणजे अडकून पडलेला) टाकून बघा. वीस लोकांच्या तोंडून वीस वाक्यांत ऐकलं की तो कसा वापरायचा ते समजावून सांगावं लागत नाही.

सुदामानगरवाली
अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून आधी ती ‘दहा शब्द’वाली पेजेस अनफॉलो केली. ग्वाल्हेरच्या ताईंचं फार आवडलं, पण माझी अडचण अशी की फेसबुकवर ऑफिसचे सगळे आहेत, सासरचेही आहेत, मी कुठे इंग्लिशमध्ये चुकीची कमेंट टाकली की त्यांना दिसते, ‘आपल्या कमेंटवर अमुक यांनी’ वगैरे. दुसरं अकाउंट उघडावं का? आणि दुसरा प्रश्न काकांना, अर्थ मराठीत लिहू, हिंदीत लिहू की इंग्लिशमध्येच? रील्समध्ये सगळा अर्थ हिंदीत सांगतात, मग माझ्या डोक्यात तीन भाषांची खिचडी होते.

आणि आज कॉल होता, तर बडोद्याच्या दादांचे शब्द घेऊन मी वाक्य आधीच लिहून ठेवली होती. इथे टाकते, चूक असेल तर सांगा. ‘सर द ट्रक इज हेल्ड अप अ‍ॅट बिजासन घाट सिन्स मॉर्निंग. द ई-वे बिल हॅज एक्स्पायर्ड. वी आर एक्स्टेंडिंग इट.’

दांडियाबझार_बडोदा
वाक्य एकदम झकास. फक्त ‘सिन्स मॉर्निंग’ आलं की ‘हॅज बीन हेल्ड अप’ करा. बाकी मुदत वाढवायचं लवकर बघा, संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्यातच पोर्टलवर वाढवता येतं, मग दंडाचं लफडं. हे इंग्लिशचं नाही, अनुभवाचं सांगतोय.

सुदामानगरवाली
ते केलं हो लगेच, त्यात मी पक्की आहे 😄

निवृत्त_मास्तर
अर्थ पहिल्यांदा ज्या भाषेत पटकन डोक्यात उजेड पडेल त्या भाषेत लिहा. तुम्ही घरी मराठी बोलता तर मराठीत. पूर्वी आम्हाला बीएडला शिकवायचे की वर्गात मातृभाषेचा शब्द काढायचाच नाही, त्या हट्टापायी पोरांची फार वर्षं फुकट गेली असं माझं मत झालंय. पण अर्थाच्या खाली एक पूर्ण इंग्रजी वाक्य हवंच, आणि ते तुमच्या ऑफिसातलं. ‘रिलक्टंट’ म्हणजे नाखूश, तर ‘द बॉय इज रिलक्टंट’ असलं वहीतलं वाक्य कामाचं नाही. ‘द ड्रायव्हर इज रिलक्टंट टु टेक द नाइट रूट’ लिहा, की परत तो ड्रायव्हर दिसला की शब्द आठवतो. डिक्शनरी बघाल तर शिकणाऱ्यांसाठी केलेली बघा, ऑक्सफर्डची किंवा कॉलिन्स कोबिल्ड. कोबिल्डमध्ये अर्थच पूर्ण वाक्यात दिलेला असतो, ‘इफ यू आर रिलक्टंट टु डू समथिंग…’ असा, म्हणजे पुढे ‘टु डू’ येतं हे अर्थ वाचतानाच कळतं. इंटरनेटवर दोन्ही फुकट आहेत.

लष्करची_माहेरवाशीण
दुसरं अकाउंट उघडा, बिनधास्त. मी पण तेच केलं, नावाच्या जागी झाडाचं नाव आहे, सासूबाईंना अजून माहीत नाही. किंवा रेडिटवर जा, तिथे कोणाचंच खरं नाव नसतं. इंग्लिश शिकणाऱ्यांचा वेगळा कोपराच आहे तिथे, वाक्य टाकलं की कोणीतरी सांगतं की चालेल की नाही. पण एक बघून ठेवलंय मी, तिथे दोन इंग्लिशवाले एकमेकांत भांडतात की हे बरोबर की ते बरोबर, अमेरिकेचा एक म्हणतो, लंडनचा दुसरं म्हणतो. तेव्हा आपण मध्ये पडायचं नाही, चहा प्यायचा.

भिया_बायपासवाला
मी तर म्हणतो आपला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच बनवू. नियम एकच, टायपिंग बंद, फक्त व्हॉइस नोट, एक मिनिट, आज कामावर काय झालं ते इंग्लिशमध्ये. गुड मॉर्निंगचा फोटो टाकला की बाहेर. मास्तरकाका अ‍ॅडमिन.

निवृत्त_मास्तर
अ‍ॅडमिन होतो पण एक अट. कोणाची चूक ग्रुपवर सगळ्यांसमोर काढायची नाही, मला वैयक्तिक पाठवा, मी एकेकाला सांगेन. मोठी माणसं एकदा चारचौघांत चुकली की परत तोंड उघडत नाहीत, लहान पोरांचं तसं नसतं. आणि एका वेळी एकाच्या एकाच चुकीवर बोलणार, सगळ्या काढल्या तर तो माणूस ‘इश्यू’वरच परत जाईल.

सुदामानगरवाली
काका 😂 मी आहे ग्रुपमध्ये. रात्री साडेनवानंतर ठेवा पण, आधी स्वयंपाक आणि पोराचा अभ्यास.

छावणीवाला
आत्ताच वाचलं सगळं. वडिलांसाठी विचारतोय, रिटायर झालेत, सत्तरी पार, बहिणीकडे अमेरिकेला जायचंय त्यांना, इमिग्रेशनवर आणि दुकानात बोलता आलं पाहिजे एवढंच. ते दिवसभर फेसबुक बघतात पण सगळं हिंदी. त्यांना ग्रुपमध्ये घ्याल का? लाजतात खूप.

निवृत्त_मास्तर
घेऊ की. त्यांना आधी नुसतं ऐकू द्या, बोला म्हणून मागे लागू नका. आणि त्यांच्या फेसबुकवर अमेरिकेतल्या त्या गावातल्या किराणा दुकानाचं पेज लावून द्या, भाज्यांची नावं आणि भाव रोज दिसतील. नाव काय गावाचं?